भीतीची हजेरी

परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं पिंगळी हे लहानसं स्टेशन. या संवादातली आत्या तिथे राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, माहेर जालन्याचं. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी एकातली. उपासनेला रविवारी परभणीला जाते. भाची नांदेडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बाप्तिस्मा झालेला, पण चर्चची पायरी चढून बरीच वर्षं झालेली. आत्याच्या स्तनाच्या कॅन्सरचे मुख्य उपचार संपून पाच वर्षं होताहेत, गोळी मात्र चालू आहे. दोघी कल्पनेतल्या आहेत. आजार, औषधं आणि वाद मात्र खरे आहेत.

भाची : आत्या, बाही वर कर. सुई, ट्यूब, स्पिरिटचा कापूस, सगळं घेऊन आलेय. पाच मिनिटांचं काम.

आत्या : कुठला हात?

भाची : डावा. उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सुई लावायची नसते, एवढं कळतं मला.

आत्या : आणि रक्तात काय शोधणार?

भाची : सीए १५-३. ट्यूमर मार्कर. आकडा मर्यादेत आला की तूही सुटलीस, मीही सुटले.

आत्या : डॉक्टरांनी लिहून दिलीय का ही टेस्ट?

भाची : नाही. त्यांनी वर्षाला एक मॅमोग्राफी आणि ठरल्या तारखेला येऊन तपासून जा, एवढंच लिहिलंय.

आत्या : मग राहू दे.

भाची : देवावर सोडलंस म्हणून?

आत्या : डॉक्टरांवर सोडलंय म्हणून. देवाचं नंतर काढू. मी त्यांना विचारलं होतं, पेट स्कॅन काहून सांगत नाही म्हणून. ते म्हणाले, काही त्रास नसताना स्कॅन आणि मार्कर करत बसल्याने आयुष्य वाढत नाही. खरं का ते? तू यातली शिकलेली.

भाची : खरं आहे. इटलीत १,३२० बायकांवर अभ्यास झाला, १९९४ मध्ये छापून आला. एका गटाचे हाडांचे स्कॅन, लिव्हरची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे ठरावीक काळाने करत राहिले. दुसऱ्या गटाला तपासायचं, पण या चाचण्या लक्षण दिसलं तरच. जगण्यात फरक निघाला नाही. आणि हा मार्कर तर लिव्हरच्या साध्या दुखण्यातही वाढतो, उलट आजार खरंच परतत असला तरी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो.

आत्या : हे सगळं तुला ठाऊक, तरी सुई घेऊन आलीस.

भाची : ठाऊक असून काय करू? दिवसभर लोकांचे रिपोर्ट हातातून जातात. एखादीचं वय तुझ्याएवढं दिसलं की पोटात धस्स होतं.

आत्या : मग ही भीती तुझी झाली. तुझं औषध माझ्या दंडात काहून टोचतेस? आणि त्यात थोडी स्वतःची भीतीही आहे ना? बापाची बहीण, उद्या आपल्यालाही...

भाची : आहे. शंभरातल्या पाच-दहाच केसेस घराण्यातून आलेल्या जनुकामुळे होतात, तुला झाला तो पन्नाशीनंतर, घरात दुसरं कुणी नाही, हे सगळं पाठ आहे मला. तरी आंघोळ करताना हात जातोच.

आत्या : माझाही जायचा. व्रणाच्या कडेला एक गुठळी लागते, टाक्यांची आहे म्हणून डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी बोट तिथेच. दाबून दाबून ती जागा दुखायला लागली. दुखतं म्हणून आणखी भीती, भीती म्हणून आणखी दाबणं. साडीच्या निऱ्या घालताना, भाजी चिरताना, रेल्वे फाटकात उभी असताना.

भाची : मग थांबलं कसं? प्रार्थनेने?

आत्या : आधी प्रार्थनाही तशीच चालायची. रात्री तीनला जाग आली की ‘प्रभू, परत येऊ देऊ नको’. कूस बदलली की पुन्हा तेच.

भाची : मी हेच म्हणते. तुझी प्रार्थना म्हणजे तीच काळजी, फक्त डोळे मिटून केलेली. हात छातीवर ठेव नाहीतर जोड, मन त्याच गाठीभोवती फिरतंय.

आत्या : तू आत्ता म्हणतेस ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. मग शाळेतली सवय कामाला आली. प्रत्येक वर्गात एक द्वाड पोरगं असतंच. हजेरीत त्याचं नाव आधी घ्यायचं. नाही घेतलं तर ते तासभर बाकावर उभं राहून ‘बाई, मी आलोय’ ओरडणार. तसं मी रोज सकाळी बायबल उघडायच्या आधी भीतीचं नाव घेते. मोठ्याने, स्पष्ट. ‘हाडात येईल असं वाटतं. लिव्हरमध्ये येईल असं वाटतं. शेवटी दुखेल, त्याची धास्ती वाटते.’ प्रभूपुढे तिची हजेरी लागली की म्हणते, बस आता खाली, बाकीचा वर्ग खोळंबलाय. रात्री तीनला उठलीच तर सांगते, हजेरी सकाळी. रोज ऐकते असं नाही. पण आता वर्ग तिच्या ताब्यात नसतो. आणि छाती तपासायची ती महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी.

भाची : तुला गंमत वाटेल, ऑस्ट्रेलियात या भीतीवरचा उपचारच तयार केलाय. कॅन्सरमधून बाहेर आलेल्या २२२ जणांवर करून पाहिला, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. भीती मुळापासून उपटायची असं त्यात नाहीच. विचार आला तर येऊ दे, त्याच्यामागे धावायचं नाही. लक्ष दुसरीकडे नेण्याचा सराव करायचा. आपल्याला मोलाचं काय ते ठरवून दिवस त्यात घालवायचा. आणि कधी, काय तपासायचं ते एकदाच पक्कं करायचं. नुसतं अंग सैल सोडायला शिकवलेल्या गटापेक्षा या लोकांची भीती जास्त उतरली. त्यात देव कुठेच नव्हता.

आत्या : नसू दे की. ज्याला जमलं त्याला जमलं. पण मला सांग, मी हजेरी लावायची कुणापुढे? भिंतीपुढे?

भाची : माझा प्रश्न तोच आहे. तिथे कुणी नसेलच तर? भिंतच असेल तर?

आत्या : हे मला कधी वाटलंच नाही असं समजू नको. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटाला कुठेतरी देवाची स्तुती करून सावरतात. हे सावरत नाही. सगळी तक्रार, आणि शेवट अंधारात. रविवारी ते कुणी वाचायला घेत नाही. पण ज्यांनी बायबल जुळवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. उत्तर न मिळालेल्या माणसानेही बोलणं सोडलं नाही, माझी श्रद्धा तेवढीच आहे बघ.

भाची : एवढीच असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या रविवारी साक्ष द्यायची आहे ना तुला? पाच वर्षं झाली म्हणून मंडळीतले लोक म्हणतायत, ‘प्रभूने पूर्ण बरं केलं’ असं सांग. सांगणार?

आत्या : तिथेच अडलेय.

भाची : मग आकडा ऐक, म्हणजे आणखी अडशील. तुझा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा. याच्या पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात. असल्या आजाराच्या ६२,९२३ बायकांची माहिती एकत्र केली होती, ८८ चाचण्यांमधली, तीही २०१७ मध्येच छापली. पाच वर्षं हार्मोन अडवणारी गोळी घेऊन, आजार न परतता ज्या पार झाल्या, त्यांच्यातही पुढची पंधरा वर्षं तो शरीरात दुसरीकडे निघत राहिला. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल त्यांच्यात शंभरात १३. गाठ मोठी आणि काखेत चारपासून नऊपर्यंत गाठी असतील तर ४१. तुझी गाठ मोठी, काखेत दोन. तुझ्या गटात शंभरात २६. त्या बायकांचे उपचार जुन्या काळातले होते, तुझी गोळी डॉक्टरांनी पाच वर्षांनंतरही सुरू ठेवलीय, म्हणजे तुझा आकडा कमी असेल. पण ‘पूर्ण बरी’ म्हणायला विज्ञान तयार नाही.

आत्या : शंभरातल्या त्या कोण, हे कुणाला सांगता येतं?

भाची : नाही.

आत्या : मग मी राहते ती तिथे. तुझ्या लॅबचा आकडा तिथे पोचत नाही आणि मंडळीतलं ‘हालेलूया’ही पोचत नाही. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना मिळायचा, तो त्या दिवसापुरताच. उद्यासाठी साठवला की किडे पडायचे. लहानपणी संडेस्कूलमध्ये वाटायचं, देव एवढा कद्रू कसा? आता वाटतं, उद्याची हमी मागणारीला आज जेवायचं सुचत नाही.

भाची : छान आहे, पण साक्षीत काय सांगणार?

आत्या : जिंकल्याचीच साक्ष द्यायची असं कुठे लिहिलंय? पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पुढे तिने बघावं, अशी आशा होती. म्हातारी आई मागे राहिली, बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत बसली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेली. तिची साक्ष काय कमी भरली? आमच्याकडे मात्र बरं झालेल्यालाच व्यासपीठावर बोलावतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या प्रार्थनासभेतल्या एका बहिणीचा आजार परतला. तिला कुणीतरी म्हणालं, विश्वासात कुठे कमी पडलीस ते शोध. त्या बाईने मग सभेला येणंच सोडलं. कॅन्सरने जेवढी एकटी पडली नव्हती, तेवढी त्या एका वाक्याने पडली.

भाची : आणि गोळ्या बंद कर म्हणणारे?

आत्या : तेही भेटले. तेल लावून प्रार्थना केली, म्हणाले, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मी घरी येऊन आधी गोळी घेतली. हिज्कीया राजाची गोष्ट त्यांनी अर्धीच वाचली असणार. राजा मरायला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली. पण त्याच गोष्टीत यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणा, ती गळवावर बांधली, मग राजा उठला. प्रार्थनाही झाली, पोटीसही झालं. आणि लेवीयच्या पुस्तकात कातडीवर चट्टा दिसला की याजक सात दिवस बाजूला ठेवून पुन्हा तपासतो. फॉलोअप काय तुझ्या लॅबने काढला होय?

भाची : हे तू म्हणतेस? बरं, मग मला एक सांग. मघाशी पाणी आणायला उठलीस तेव्हा भिंतीला हात लावून उठलीस. कंबर कधीपासून दुखते?

आत्या : गोळीनेच दुखते गं. लेट्रोझोलने सांधे धरतात, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

भाची : कधीपासून?

आत्या : नाताळपासून.

भाची : आता लेंट सुरू झाला, आत्या! डॉक्टरांना सांगितलंस?

आत्या : प्रभूला सांगितलंय.

भाची : तो एक्स-रे लिहून देतो का? मला हजेरीच्या गोष्टी सांगतेस आणि ज्याचं नाव खरंच घ्यायला हवं ते पोरगं कपाटात कोंडून ठेवलंयस.

आत्या : ... बोल. आता तुझी पाळी आहे, बोल.

भाची : रागावत नाही. नीट ऐक. गोळीचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूंना असतं. बोटं, मनगटं, गुडघे. सकाळी आखडलेली, चालल्या-फिरल्यावर सैल होणारी. एकाच हाडात, एकाच जागी, आठवड्यागणिक वाढणारं, झोपेतून उठवणारं दुखणं वेगळं. तुझं कसं आहे?

आत्या : एका जागी आहे. वाढलेलं नाही. रात्री जाग येते ती भीतीने, दुखण्याने नाही.

भाची : म्हणजे कदाचित काही नसेल. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, त्याचंही असू शकतं, त्यासाठी डेक्सा स्कॅन असतो. मणक्याची साधी झीजही असेल. पण हे ठरवायचं मीही नाही आणि तूही नाही. लक्षण असताना तपासणं आणि लक्षण नसताना रक्त काढत बसणं यात फरक आहे, हे मघाशी तूच मला ऐकवलंस.

आत्या : ऐकवलं. आणि स्वतः उलटं केलं. खरं सांगू? मार्करला ‘नको’ म्हणताना मी डॉक्टरांच्या मागे लपले आणि कमरेचं लपवताना प्रभूच्या मागे. शेजारीण तर महिनाभर म्हणतेय, तुराबुल हकच्या दर्ग्यात चल, धागा बांधू. तिला मी ऐटीत म्हटलं, आमचा असल्यावर विश्वास नाही. आणि माझी प्रार्थना तरी काय होती, नाव बदललेला धागाच.

भाची : सोमवारी मराठवाडा एक्स्प्रेसने जाऊ. मी परभणीच्या प्लॅटफॉर्मवर भेटते, संभाजीनगरला तुझ्या डॉक्टरांकडे सोबत येते. तारखेची वाट बघायची नाही. आणि वहीत लिहून ठेव : नवं दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, कोरडा खोकला हटेना, कारण नसताना वजन उतरलं, व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ लागली, तर फोन. एवढ्यासाठी फोन, बाकी कशासाठी गूगल नाही.

आत्या : लिहिते. पण तूही लिही : आंघोळीच्या वेळी रोज नाही, महिन्यातून एकदा.

भाची : कबूल. आता जे कुणी बोलत नाही ते बोलू. समजा एक्स-रेत काही निघालं, तर?

आत्या : तर मी रडेन. गेथशेमानेत येशूलाही घाम फुटला होता. हा प्याला टळू दे असं तो स्वतः म्हणाला. त्याला कुणी विश्वास कमी पडला म्हणत नाही, मग मला का म्हणावं? पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला.

भाची : म्हणजे तू आत्ताच हात टेकलेस.

आत्या : नाही गं. मरण्याचं मला एवढं नाही. लाजराला उठवलं, तोही पुढे कधीतरी मेलाच असेल. धास्ती आहे ती दुखण्याची, आणि तुमच्यावर ओझं होण्याची. पैशाचीही.

भाची : मग तीन वेगळ्या भीत्या आहेत, तिघींना वेगळी उत्तरं आहेत. कॅन्सर परत आला म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत संपलं, असं या प्रकारात आता राहिलेलं नाही. हाडात आला तर मुळासकट जात नाही, पण पुष्कळ बायका वर्षानुवर्षं गोळ्यांवर हिंडत-फिरत असतात. पाल्बोसिक्लिब नावाची गोळी आहे, तिचं पेटंट भारतात २०२३ मध्ये संपलं, जेनेरिक आल्यावर किंमत बरीच उतरली. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तुझ्यासाठी काय काय बसतं ते मी विचारून ठेवते.

आत्या : आणि दुखणं?

भाची : मॉर्फिन. तोंडाने घ्यायची साधी गोळी. तिच्यावरचे कायद्याचे जाच २०१४ च्या दुरुस्तीने कमी केले. अजून सगळीकडे मिळत नाही, पण मिळते. आणि हे तर तुला माहीत असायला हवं. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला निघालं, १९८६ मध्ये, शांती अवेदना सदन. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. डिसूझांनी काढलं, होली क्रॉसच्या सिस्टर शुश्रूषा करतात. बरं करू असा दावा तिथे नाही. दुखू देणार नाही आणि एकटं सोडणार नाही, एवढंच काम.

आत्या : आमच्या साक्षीच्या रविवारी हे कुणी का सांगत नाही? बरं झालेल्यांची यादी वाचतात. बरं न होणाऱ्यांची काळजी घेणारे लोकही त्याच प्रभूच्या नावाने राबतायत, त्यांचंही नाव घ्यावं. त्या सोडून गेलेल्या बहिणीला मी सांगणार आहे हे. उद्याच जाते तिच्याकडे.

भाची : म्हणजे ओझ्याच्या भीतीला उत्तर तूच दिलंस. तिचं ओझं तुला वाटत नाही, तर तुझं मला का वाटावं?

आत्या : शिक्षिकेला धडा शिकवतेस.

भाची : तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. एक्स-रे कंबर बघणार, गोळी हार्मोन अडवणार, मॉर्फिन दुखणं थांबवणार, शेजारी मी बसणार. मग तुझा देव नेमकं काय करतो? रिपोर्ट बदलतो?

आत्या : बदलू शकतो असं मी मानते. बदलेलच असं मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्यापुरतं बघशील तर तो मला रिपोर्ट उघडायला लावतो. नाताळपासून जे तोंडातून निघत नव्हतं ते आज निघालं, ते तू विचारलंस म्हणून. तू विचारायला पिंगळीला आलीस हा योगायोग, असं तू म्हणशील. मी तसं म्हणणार नाही. इथे आपलं जमायचं नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही.

भाची : नाहीच जमणार. मला वाटतं तू रिपोर्ट उघडशील कारण तू मुळातली धीट आहेस. तू म्हणतेस धीर बाहेरून येतो. पण साक्षीत हे असंच सांगशील? कंबर दुखतेय, तपासायचंय, भीती वाटते, आज बरी आहे, उद्याचं माहीत नाही?

आत्या : असंच सांगेन. कुणी हालेलूया म्हटलं नाही तरी चालेल. तू ये ऐकायला, मागच्या बाकावर बस.

भाची : येईन. पण प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटणार नाही.

आत्या : नको मिटू. ती सुई तेवढी पर्समध्ये ठेव आणि सोमवारची दोन तिकिटं काढ.